गावडेकाकांचा स्टार्ट मेन्यू

"वैशाली, माझी बटणं मेली."

दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. डबा संपवून मी नुकतीच खुर्चीत टेकले होते. फोन टेलिफोन बोर्डवरून होता, म्हणजे आमचे ऑपरेटर गावडेकाका.

"कीबोर्ड बदलून देते काका, चारपर्यंत."

"कीबोर्ड बरा आहे गो. टाइप होतंय. पण तीन बटणं एकदम दाबली की माझी फाईल उघडते ना, ती उघडत नाय. आणि माका ती आत्ता होयी."

"आत्ता म्हणजे?"

"ब्लड बँकेतून रेश्माचा फोन येऊन पाच मिनिटं झाली. ओ निगेटिव्ह. तू खाली ये."

मुलुंडच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी आयटी सांभाळते. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढण्यापासून सर्व्हरपर्यंत सगळं त्यात आलं. साठेक कॉम्प्युटर आणि आम्ही दोघं, त्यातला एक त्या दिवशी रजेवर. गावडेकाका तळमजल्यावर, मेन गेटच्या आत डाव्या हाताच्या खोलीत बसतात. त्यांना दिसत नाही, जन्मापासूनच. वडील गिरणीत होते, मूळ गाव कणकवलीकडे. भांडुपला राहतात. कॉम्प्युटरवर त्यांचं काम स्क्रीन रीडरनं चालतं. स्क्रीनवर जे असेल ते मोठ्यानं वाचून दाखवणारं हे सॉफ्टवेअर. काका ते इतक्या वेगात लावतात की आपल्याला नुसतं चुरचुर ऐकू येतं.

जिना उतरताना मी घाबरलेले वगैरे अजिबात नव्हते. उलट थोडी चिडलेच होते. कारण काय झालं असणार ते मला माहीत होतं, आणि ते किरकोळ होतं.

त्याच दिवशी सकाळी मी सगळ्या हॉस्पिटलचे स्टार्ट मेन्यू साफ केले होते.

सोमवारी इन्स्पेक्शन होतं. बाहेरची टीम येऊन हॉस्पिटलचा दर्जा ठरवणार होती. आमचे अ‍ॅडमिन मॅनेजर पाटकर सर पंधरा दिवस एकच वाक्य म्हणत होते, "सगळे पीसी सेम दिसले पाहिजेत." मला हे काम मनापासून आवडलं होतं. माझ्या घरी मसाल्याच्या डब्यांवरसुद्धा नावं चिकटवलेली आहेत, आणि आमच्या कॉम्प्युटरांवर म्हणाल तर नुसता बाजार. एकेका मेन्यूत सहा-सहा कॅल्क्युलेटर, कुणाचा पत्त्यांचा खेळ, बंद पडलेल्या सॉफ्टवेअरांची आयकॉन. मी चार फोल्डर ठरवले: नोंदणी, वॉर्ड, लॅब, फार्मसी. प्रत्येकात लागतील तेवढेच शॉर्टकट. मग एक स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला आधीच लिहून दिलेल्या हुकमांची यादी. तिनं सकाळी सात वाजता प्रत्येक मशीनवर जाऊन मेन्यूतलं जुनं सगळं उडवलं आणि माझे चार फोल्डर मांडले. दहा वाजता राउंड घेतला तेव्हा सगळीकडे एकसारखा, स्वच्छ मेन्यू पाहून मला फार बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं आठवलं की आजही लाज वाटते.

बोर्डच्या खोलीबाहेरच्या बाकावर एक तरुण बसला होता. कुरिअर कंपनीचा टी-शर्ट, हातात प्लास्टिकची पिशवी. मला आयकार्डासकट आत जाताना पाहून तो उठला.

"मॅडम, भेटला का कोणी? रक्ताचं?"

"बघतोय," मी म्हटलं आणि दार लावून घेतलं.

काकांनी थोडक्यात सांगितलं. बाहेरचा तो प्रशांत. त्याची बायको तिसऱ्या मजल्यावर. बाळाची वार खाली सरकलेली आहे, उद्या सकाळी सातला सिझेरियन, रक्त जास्त जायची भीती. डॉक्टरांना ओ निगेटिव्हच्या दोन पिशव्या हाताशी हव्यात, बँकेत एकच आहे. आसपासच्या चार ब्लड बँकांत रेश्मानं विचारून झालंय. आता डोनर हवा, आणि तो सहाच्या आत खुर्चीत बसला पाहिजे, कारण काढलेल्या रक्ताच्या तपासण्यांना वेळ लागतो.

"आणि डोनरची यादी माझ्याकडे," काका म्हणाले. "कंट्रोल, ऑल्ट, ओ. की ओ निगेटिव्हवाले सगळे. आज दाबतोय तर चिडीचूप."

"काका, तुमचे शॉर्टकट गेलेत, बाकी काही नाही. सकाळी मेन्यू साफ केला ना मी. शॉर्टकट म्हणजे दुकानाची पाटी. पाटी काढली म्हणून दुकान जात नाही. फाईल असेल जागेवर, दोन मिनिटांत काढून देते."

हे वाक्य मी त्या आठवड्यात किमान वीस जणांना ऐकवलं होतं.

मी मॉनिटरचं बटण दाबलं. मॉनिटर लागला. मला कसंसंच झालं, कारण महिन्यापूर्वी सर्व्हे करताना याच मॉनिटरसमोर मी रजिस्टरात लिहिलं होतं, 'मॉनिटर बंद, बदलणे'. तो बिघडलेला नव्हता. काकांनी बंद ठेवलेला होता. लावून करणार काय?

कॉम्प्युटरवर टेक्स्ट फाईल शोधल्या. काकांची एकही नाही. डेस्कटॉप रिकामा. डॉक्युमेंट्स रिकामं. डी ड्राइव्ह रिकामा.

"काका, ही यादी कुणी बसवून दिली होती?"

"तुझ्या आधीचा तो सावंत. तो म्हणाला, ह्या तीन बटणांची युक्ती शॉर्टकट मेन्यूत नायतर डेस्कटॉपवर असला तरच चालते. डेस्कटॉपवर येता-जाता कोण पण हात लावतं, म्हणून मेन्यूत एक फोल्डर केलान. आणि फायली पण त्यातच टाकल्यान. म्हणाला, सगळं एका जागी राहील, काका, हरवणार नाय."

मी माऊसवरचा हात काढला.

तो फोल्डर मी पाहिला होता. सर्व्हेच्या वेळीच, वर माझ्या जागी बसून, नेटवर्कवरून. आतली नावं अशी: ओ१, बी१, एए, झेडझेड. मला ती कुणीतरी कीबोर्डवर बोटं आपटून ठेवलेली नावं वाटली. कचरा, असं म्हणून मी पुढे गेले होते. मेन्यूत फक्त शॉर्टकट असतात, फायली कोण ठेवतं, हे मी गृहीत धरलं होतं. सावंतनं दुकानच पाटीच्या मागे मांडलं होतं, आणि मी पाटीसकट उचलून फेकलं.

रिसायकल बिनमध्ये काही नव्हतं. स्क्रिप्टनं उडवलेलं तिथे जातच नाही. रात्रीच्या बॅकअपमध्ये डॉक्युमेंट्स आणि डी ड्राइव्ह येतो, स्टार्ट मेन्यूचा फोल्डर येत नाही. मेन्यूचा बॅकअप कोण घेतं?

"काका," मी म्हटलं, "फायली माझ्याकडून डिलीट झाल्यात."

बोर्डवर दोन कॉल आले, ते त्यांनी नेहमीच्या आवाजात जोडून दिले. मग म्हणाले, "तू कळवायचंस गो."

"कळवलं होतं ना. परवा ग्रुपवर टाकलं होतं. मेन्यू बदलणार आहे, महत्त्वाचं काही असेल तर सांगा, म्हणून."

"परवा तुझ्या नावानं एक फोटो आला होता. माझा मोबाईल म्हणाला, 'वैशाली, फोटो.' माका वाटलं, गुड मॉर्निंग असेल."

मी ती नोटीस सुंदर बनवली होती. निळी बॉर्डर, हॉस्पिटलचा लोगो, खाली बाण. अक्षरं टाइप न करता त्यांचं चित्र करून पाठवलं होतं, म्हणजे सगळ्यांच्या नजरेत भरेल. चित्रातली अक्षरं काकांचा मोबाईल वाचत नाही. साठ जणांत ज्या एका माणसाला ती नोटीस खरोखर लागणार होती, तेवढ्या एकालाच ती मी पोचवली नव्हती.

आता थोडं तांत्रिक. डिलीट केलेली फाईल लगेच पुसली जात नाही. 'ही जागा रिकामी आहे' एवढीच नोंद होते. दुसरं काहीतरी येऊन त्या जागेवर बसेपर्यंत जुना मजकूर तिथे पडून असतो. नव्या डिस्कमध्ये हे बहुधा जमत नाही, पण काकांचा कॉम्प्युटर जुना होता. नवे वाटले तेव्हा मीच त्यांना यादीत शेवटी टाकलं होतं. पण मशीन चालू असलं की ते सारखं काही ना काही लिहीत असतं. म्हणजे सकाळी सातपासून, काकांच्या प्रत्येक बटणासरशी, त्यांची यादी पुसली जायची शक्यता वाढत होती.

"काका, मी हे बंद करून डिस्क वर नेते."

"मग माझं काम?"

"फोनचा बोर्ड चालेल. कॉम्प्युटर नसेल."

"ने मग. बघत काय बसलीस?"

मी शटडाउनसुद्धा केलं नाही, कारण बंद होतानाही मशीन लिहितं. मागची वायर उपटली आणि डिस्क सोडवून घेतली.

दार उघडलं तर प्रशांत उभाच होता. माझ्या हातातल्या डिस्ककडे त्यानं पाहिलं. त्याला काही कळायचं कारण नव्हतं, तरी मी ती दुपट्ट्याखाली घेतली.

वरच्या मजल्यावर पाटकर सर समोरच आले.

"वैशाली, बिलिंगचा मेन्यू एकदम झकास झालाय."

"सर, मी गावडेकाकांची डोनर लिस्ट उडवलीय."

"बॅकअप?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"म्हणजे नाहीच. डिस्कमधून काढायचा प्रयत्न करतेय. ओ निगेटिव्हची गरज आहे, सहापर्यंत."

"इन्स्पेक्शनच्या तोंडावर वाट लावलीस ना," ते म्हणाले. मग खिशातून मोबाईल काढला. "मी स्टाफच्या ग्रुपवर टाकतो. कोणाचा असेल ग्रुप."

"सर, टाइप करून टाका. फोटो नको."

डिस्क माझ्या मशीनला जोडली. हरवलेल्या फायली शोधणारं सॉफ्टवेअर चालू केलं. पाच मिनिटं विचार करून त्यानं आकडा दाखवला: शिल्लक वेळ तीन तास. घड्याळात तीनला पाच कमी होते. डिस्कवरची सगळी जागा ते एकेक तुकडा करून तपासणार होतं, त्याला घाई करता येत नाही. मी दहा मिनिटं त्या आकड्याकडे नुसती बघत बसले. मग कळलं की इथे बसून माझा काहीच उपयोग नाही, आणि खाली गेले.

काकांनी टेबलाच्या खालच्या खणातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला होता. आत जाड कार्डं, ब्रेलमधली. कॉम्प्युटर यायच्या आधीची यादी. डाव्या हाताची बोटं कार्डावरून फिरत होती, उजवा हात बोर्डवर नंबर फिरवत होता.

"हे सगळे लँडलाइन," ते म्हणाले. "ह्यातले अर्धे नंबर सात आकडी. पुढे दोन लावायचा."

"तुम्हाला पाठ नाहीत नंबर?"

"माका काय मशीन समजलीस? पाठ असते तर कॉम्प्युटर कशाला घेतला असता?"

पहिला नंबर अस्तित्वात नव्हता. दुसराही. तिसऱ्यावर कुठल्यातरी क्लासवाल्यानं उचलला. चौथा वाजतच राहिला. स्टाफच्या ग्रुपवरूनही कुणी पुढे आलं नव्हतं. बाहेरच्या बाकाचा आवाज झाला की मला वाटायचं, आता प्रशांत आत येणार आणि विचारणार. तो आला नाही. ते जास्त वाईट होतं. चहावाल्यानं ठेवलेला चहा माझ्यासमोर गार झाला.

सातव्या कार्डावर अंधेरीचं मरोळ गावठाण लागलं. एका बाईंनी उचललं.

"मुलुंडवरून बोलतोय, हॉस्पिटलातून. गावडे."

"गावडे? तू अजून हाय तिथं?" स्पीकरवर हसणं ऐकू आलं. मग आवाज उतरला. "आमचा जॉन गेला रे. तीन वरसं झाली. पन माझी लोर्ना हाय ना. तिचा पन तोच ग्रुप. पवईला कामाला हाय, थांब, तिचा नंबर घे."

लोर्नानं पाच मिनिटांत होकार दिला. मी दार उघडून प्रशांतला सांगितलं, "एक जण येतेय." त्यानं हातातली पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं. तेव्हा मला वाटलं, सुटले.

लोर्ना साडेपाचला आली, घामाघूम. रेश्मानं बोटातून थेंब घेऊन हिमोग्लोबिन तपासलं. रक्तदानाला साडेबारा लागतं. तिचं बारा भरलं.

"परत बघा ना," मी म्हटलं.

"दोनदा बघितलं, वैशाली. मी नाही घेऊ शकत."

"सॉरी यार," लोर्ना म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझं कमी आहे हे मला कोणी आधी सांगितलंच नाही."

तिची काहीच चूक नव्हती. तिला बोलवावं लागलं होतं ते माझ्यामुळे. प्रशांत दारातून हे सगळं ऐकत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदा आवाज चढवला. "तुमच्याकडे लिस्ट असते ना मॅडम? मला नर्स बोलली, गावडेंकडे लिस्ट असते म्हणून. मग लिस्टमधून फोन का नाही करत?"

"मी आणते," एवढंच म्हणून मी जिन्याकडे धावले.

स्कॅन संपत आलं होतं. पण सापडलेल्या फायलींची नावं परत येत नाहीत. समोर चार हजारांवर टेक्स्ट फाईल, नावाऐवजी नुसते आकडे. एकेक उघडत बसले असते तर बाळाचं बारसं झालं असतं. काकांना फोन लावला.

"काका, फायलीत काय शब्द आहे सांगा. असा, की जो दुसऱ्या कुठल्याच फाईलमध्ये नसेल."

"मी इंग्लिश अक्षरांत मराठी लिहितो गो. 'नको' बघ. माझ्या यादीत सगळ्यांचं काही ना काही नको असतं."

मी शोधात इंग्रजी अक्षरांत 'नको' टाकलं. सॉफ्टवेअरवाल्यांच्या चार हजार फायलींत कुणीच कुणाला नको म्हणत नव्हतं. सहा फाईल निघाल्या. एक अर्धी खराब झालेली, पाच धड. धड असलेल्यांतली दुसरी ओ निगेटिव्ह.

ती फाईल डोळ्यांनी वाचणारी बहुधा मी पहिलीच. इतकी वर्षं ती फक्त ऐकली गेली होती. नंबरांची यादी असेल असं मला वाटलं होतं. प्रत्येक नावापुढे काकांनी माणूस लिहून ठेवला होता. 'शनिवारी नको, चर्चमध्ये गाण्याची प्रॅक्टिस.' 'घरी फोन नको, आई घाबरते, दुकानावर करावा.' 'शिमग्याला गावी.' 'सुईला भीतो, बोलत राहावं.'

"वाच," काका फोनवर म्हणाले. "घाईत वाच."

"नाईक, घाटकोपर. संक्रांतीला दिलं."

"नको. तीन महिने नाय झाले. पुढचा."

"परेरा, विलेपार्ले."

"आता वेळेत नाय पोचायचा. पुढे."

"म्हात्रे, कांजूर. रात्रपाळी. सकाळी नको, झोपतो. पाचनंतर कधीही. शेवटचं गणपतीच्या आधी."

"नंबर सांग."

मी नंबर सांगितला आणि रेश्माकडे पळाले. सहाला सात मिनिटं होती. "सात वाजेपर्यंत थांबते," ती म्हणाली, "त्याच्यापुढे मला पण नाही जमणार."

म्हात्रे सात वाजायला वीस मिनिटं असताना आले. हेल्मेट काखेत, काहीच न विचारता बाही वर करत. हिमोग्लोबिन चौदाच्या वर. सुई लागली आणि नळी लाल झाली तेव्हा मी कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभी होते. प्रशांत माझ्या शेजारी येऊन म्हणाला, "मॅडम, मघाशी मी जरा जोरात बोललो." यादी कुणी उडवली ते मी त्याला तेव्हाच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. ते अजून बोचतं.

दुसऱ्या दिवशी सिझेरियनमध्ये दोन्ही पिशव्या लागल्या. मुलगी झाली. आई चार दिवसांनी चालत घरी गेली. दुसरी पिशवी नसती तर काय, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही.

सोमवारी इन्स्पेक्शन झालं. आमच्या एकसारख्या मेन्यूचं टीमनं कौतुक केलं. बोर्डच्या खोलीत डोकावून त्यांनी एकच शेरा लिहिला: मॉनिटर बंद आहे, दुरुस्त करावा. पाटकर सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "असू दे सर."

काकांचा फोल्डर मी परत मेन्यूत बसवला, तीन बटणांसकट. फायली मात्र आता डी ड्राइव्हवर आहेत आणि रोज रात्री त्यांचा बॅकअप होतो. अर्धी खराब झालेली फाईल काकांनी फोन करकरून पुन्हा भरली, त्याला दीड महिना लागला. नोटिसा मी टाइप करते, आणि शिवाय काकांना फोन करून सांगते. लोकांचे कॉम्प्युटर साफ करताना मी शिकलेली गोष्ट एवढीच: जे आपल्याला कचरा दिसतं ते कुणाचं आहे हे आधी विचारावं, आणि विचारलेलं त्याच्यापर्यंत पोचलं का, तेही बघावं.

त्या सहा फायलींत एक स्टाफची होती. यादी शोधताना माझ्या नावाची ओळ नजरेखालून गेली होती. 'वैशाली, आयटी, २१४. दुपारी फोन केला तर चिडते. दोनदा सांगावं लागतं. पण येते.' मी कुणाला बोलले नाही.

दर महिन्याला मी बॅकअप उघडून बघते, फायली नीट उघडतात ना म्हणून. मागच्या महिन्यात ती ओळ पुन्हा दिसली. चिडते, तसंच आहे. दोनदा सांगावं लागतं, तेही आहे. शेवटी दोन शब्द वाढलेत: 'आता विचारते.'